मुंबईत जन्मलेला संग्राहक आणि 'सॅसून १०५३'

काळा घोडा परिसरातील डेव्हिड सॅसून ग्रंथालयामुळे सॅसून हे नाव मुंबईकरांना परिचित असले, तरी त्याच डेव्हिड सॅसून यांचे नातू, १८८० मध्ये मुंबईत जन्मलेले डेव्हिड सॉलोमन सॅसून, हे हिब्रू हस्तलिखितांचे विसाव्या शतकातील एक थोर संग्राहक होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नाही. त्यांच्या संग्रहाची 'ओहेल दाविद' ही दोन खंडांची वर्णनात्मक सूची १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी, १९२९ मध्ये, त्यांनी ३५० पौंडांना विकत घेतलेला चर्मपत्रावरील हिब्रू बायबलचा ग्रंथ आज त्यांच्याच नावाने, 'सॅसून १०५३' म्हणून, ओळखला जातो.

नवव्या शतकाची अखेर ते दहाव्या शतकाचा प्रारंभ या काळातील या ग्रंथात हिब्रू बायबलचे सर्व २४ भाग असून त्याची मोजकीच पाने गहाळ आहेत. मूळ हिब्रू लेखनात प्रामुख्याने व्यंजनेच लिहिली जात असल्याने, अचूक उच्चारासाठी विद्वानांनी स्वरचिन्हे व पठणचिन्हे योजली आणि समासांत 'मसोरा' नावाच्या पाठरक्षक टिपा लिहिल्या. या तिन्ही गोष्टी येथे असल्यामुळे, हिब्रू बायबलच्याच अलेप्पो येथील प्रख्यात पोथीचा मोठा भाग गहाळ झालेला असताना, पाठांच्या तौलनिक अभ्यासासाठी हा ग्रंथ अनमोल ठरतो. वेदपठणातील स्वरांकनाशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला या जपणुकीचे मोल विशेष जाणवावे.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ३.८१ कोटी डॉलरना विकला गेलेला हा ग्रंथ तेल अवीवच्या 'अनू' संग्रहालयाला देण्यात आला.