जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार
कुर्ल्यास बनलेली पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. काही घरांच्या पडवीत मात्र ती अजून उभी आहे. हौशी गृहस्थास प्रथम रंग सुचतो. श्रोतेहो, रंग अखेरीस! या गाडीला निराळा सांगाडा नाही. पत्र्याचे कवच हेच तिचे बळ. कचेरीतील फायलींप्रमाणे तिचेही दुखणे तळाशी असते. दाराखालचा उंबरठा टोचणीने टोचून पाहावा. टोचणी आत शिरली, तर कुजका पत्रा कापून नवा जोडणे प्राप्तच. तेथे नुसती लांबी भरणे हा प्रवाशांचा घात होय. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन वर्षानुवर्षे बंद असल्यास एकदम स्टार्टर लावू नये. प्लग काढून चारही सिलिंडरांत थोडे तेल सोडावे आणि दोन दिवसांनी ते हातानेच फिरवावे. ब्रेकमधील ताठरलेली रबरे बदलल्यावाचून गाडी फाटकाबाहेर नेऊ नये.