सातपूरचा कर व सातपूरचा हिशेब

कर देणे हे नागरिकाचे कर्तव्य होय, याविषयी आमचा कोणाशीही वाद नाही. ज्यास रात्री रस्त्यावर दिवा पाहिजे, नळास पाणी पाहिजे आणि आपला कामगार पाळीच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी हजर पाहिजे, त्याने त्याचे मोल दिलेच पाहिजे. परंतु मोल देणाऱ्यास मालाची पावती मागण्याचा हक्क असतो, ही गोष्ट पेठेतील लहानसा दुकानदारही जाणतो. सातपूरचे रहिवासी, व्यापारी व कारखानदार कर जास्त आहे म्हणून कुरकुरतात असे वरवर दिसते. त्यांचे खरे गाऱ्हाणे निराळे आहे. दिलेल्या कराचे पुढे काय झाले, हे त्यांस समजेल अशा रीतीने कोणी सांगत नाही.

सातपूर हे एके काळी त्र्यंबकच्या वाटेवरील खेडे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे येथील शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले. मागोमाग कामगारांच्या वसाहती आल्या, बाजार आला, शाळा आल्या व गावास स्वतःची नगरपालिका लाभली. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून नाशिक महानगरपालिका जन्मास आली. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव १८८२ सालचा. त्यास शंभर वर्षे भरली नेमक्या त्याच वर्षी सातपूरने आपले लहानसे स्वराज्य मोठ्या शहराच्या स्वाधीन केले. मोबदल्यात प्रतिनिधी मिळावयाचे होते, ते मिळाले दहा वर्षांनी. महापालिकेची पहिली निवडणूक १९९२ साली झाली. तोपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि कर मात्र पहिल्या दिवसापासून चालू होता.

कायदा याबाबतीत मुग्ध नाही. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने कराचे दर ठरविण्याचा अधिकार लोकनियुक्त सभागृहास दिला आहे. स्थायी समितीच्या प्रस्तावांचा विचार करून येत्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत सभागृहाने निश्चित करावयाचे, अशी त्यात तरतूद आहे. परंतु मालमत्ताकराची रक्कम दोन गोष्टींवरून ठरते: एक कराचा दर, व दुसरे घराचे वा जमिनीचे करयोग्य मूल्य. दर सभागृहाचा, मूल्य प्रशासनाचे. दर जागच्या जागी ठेवून मूल्य दुप्पट केले तरी कर दुप्पट होतो, आणि सभागृहास ते वर्तमानपत्रात वाचावे लागते.

याच फटीतून २०१८ सालचा वाद शिरला. आयुक्त श्री. तुकाराम मुंढे यांनी त्या वर्षीच्या एप्रिलपासून नव्या मिळकतींचे व मोकळ्या जमिनींचे मूल्य वाढविले. मोकळ्या जमिनीस दर चौरस फुटामागे जेथे ३ पैसे धरीत, तेथे ४० पैसे धरण्यात आले. म्हणजे १०८९ चौरस फुटांच्या एका गुंठ्यामागे जो आकडा सुमारे ३३ रुपये येत असे, तो ४३६ रुपयांच्या घरात गेला. शहराच्या हद्दीत ज्यांची शेती शिल्लक होती ते शेतकरी खवळून उठले, सभा झाल्या, मोर्चे निघाले. पुढे ४० चे २० पैसे करण्यात आले, सभागृहाने विरोध नोंदविला, आयुक्तांवर अविश्वासाच्या ठरावाची सूचना येऊन ती मागे घेण्यात आली, व नोव्हेंबरात त्यांची बदली झाली. आमचे मत विचाराल तर श्री. मुंढे यांचा हेतू वाईट नव्हता. कित्येक वर्षे जुन्या आकड्यांवर चालणारी वसुली कोणीतरी एकदा तपासावयासच हवी होती. परंतु तेरापट वाढ ही ज्याच्यावर बसावयाची त्यास आधी न विचारता बसविली, तर तो आकड्याचा न्याय पाहात नाही. तो फक्त आकडा पाहतो. दुसऱ्या पक्षी, सभागृहानेही बदलीचा आनंद मानला, आणि मूल्यांकनाचा मूळ प्रश्न होता तेथेच राहिला.

आता हा भार मालमत्तेवरच का येऊन पडतो, हेही व्यापारी वाचकांनी ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी जकात होती. नाक्यावर मालमोटारी तासन्‌तास खोळंबत, चिरीमिरी चाले, आणि व्यापारी तिला शिव्याशाप देत, ते यथायोग्यच होते. २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतील उलाढालीस तो माफ झाला. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने त्याचीही जागा घेतली. तेव्हापासून महापालिकेस राज्य सरकारकडून नुकसानभरपाई मिळते, व ती दरसाल ८ टक्क्यांनी वाढावी असे कायद्याने ठरविले आहे. नाके गेले हे उत्तमच झाले. पण शहराच्या उत्पन्नाचा मोठा झरा मुंबईहून वाहू लागला, आणि महापालिकेच्या हातात वाढविण्याजोगे उरले ते मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टी.

औद्योगिक वसाहतीची स्थिती तर द्विभार्या पुरुषासारखी आहे. भूखंड महामंडळाचा, त्याचे सेवाशुल्क महामंडळास, मालमत्ताकर महापालिकेस. रस्ता खचला की एक कचेरी दुसरीकडे बोट दाखविते. कारखानदारांच्या संस्था ही दुहेरी आकारणीची तक्रार वर्षानुवर्षे मांडीत आल्या आहेत.

वाहतुकीचे पाहावे. शहर बससेवा पूर्वी एस. टी. महामंडळ चालवीत असे. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेने स्वतःच्या कंपनीमार्फत ‘सिटीलिंक’ सुरू केली. ठेकेदारास किलोमीटरमागे रक्कम द्यावयाची, तिकिटाचे उत्पन्न आपण घ्यावयाचे व तूट तिजोरीतून भरावयाची, अशी ही व्यवस्था. तूट येते म्हणून बस बंद करा असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्याच्याजवळ दुचाकी नाही अशा कामगारास बस हीच पाळीवर पोहोचण्याची सोय. मात्र वाहकांचे वेतन थकले म्हणून या सेवेत अनेकदा संप झाले, तेव्हा महापालिकेने दिलेला पैसा ठेकेदाराच्या हातून वाहकाच्या हाती का पोहोचला नाही, हे करदात्यास कळावयास नको काय? दुसरीकडे मोठ्या घोषणांस तोटा नाही. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘निओ मेट्रो’साठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, गंगापूरहून सातपूरमार्गे नाशिकरोडपर्यंत रबरी चाकांची गाडी धावावयाची होती. चार वर्षे लोटली तरी तिचा एक खांबही उभा राहिला नव्हता. सिंहस्थ जवळ आला की त्र्यंबक रस्त्याचे भाग्य उजळते, हेही सातपूरकर ओळखून आहेत; यात्रेकरू बारा वर्षांनी येतो, कामगार रोज चालतो.

इतके असूनही मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. अंदाजपत्रक करणारा, मांडणारा व मंजूर करणारा एकच. निवडणुका घ्या, हे अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. १९८२ नंतरची ती दहा वर्षे ज्यांना आठवतात, त्यांस यात नवे काही वाटले नसेल.

आमची मागणी लहान आहे. महापालिकेच्या सहाही विभागांचा निरनिराळा ताळेबंद दरसाल प्रसिद्ध व्हावा. सातपुरातून घरपट्टी किती, पाणीपट्टी किती. सातपुरात रस्ते, दिवे, सफाई, दवाखाने व बस यांवर खर्च किती. यावर कोणी म्हणेल की, अशाने श्रीमंत विभाग आपला पैसा आपल्यापुरता मागेल व गरीब वस्त्या उघड्या पडतील. हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु हिशेब म्हणजे वाटणी नव्हे. सातपूरचा रुपया दुसऱ्या विभागातील गटारास लागला तर लागू द्या, फक्त तो तेथे लागला असे कागदावर दिसू द्या. आणि आमच्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द: ज्यांनी वाढीव मजल्याची अगर मागील गुदामाची नोंदच केलेली नाही, त्यांनी हिशेब मागण्यापूर्वी आपली मिळकत नोंदवून यावे.

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून प्रभाग समित्यांची तरतूद केलेलीच आहे. सातपूरच्या समितीपुढे हा ताळेबंद फेब्रुवारीच्या आरंभी, म्हणजे दर ठरण्यापूर्वी, मराठीत वाचला जावा व विभागीय कचेरीच्या दारावर लावला जावा. त्यास नवा कायदा नको, नवा करही नको.