सेवेला ३० जून नसतो

गावाच्या वेशीवर दातेरी चाकाचं किंवा दोन सिंहमुखांचं चिन्ह असलेला फलक आपण पाहतो. ‘आपले स्वागत आहे’ असं त्यावर लिहिलेलं असतं. या क्लबची मंडळी अधूनमधून जमतात, चहा-नाश्ता करतात, एकमेकांना हार घालतात आणि फोटो छापून आणतात, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तालुक्याच्या गावातल्या अशाच एका क्लबचा मी बरीच वर्षं सभासद आहे. ही समजूत अगदीच खोटी आहे, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण ती पुरती खरीही नाही.

या क्लबांचा इतिहास थोडक्यात सांगतो. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन स्नेह्यांसह एक बैठक घेतली. पुढे बैठका आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत होऊ लागल्या, म्हणून नाव पडलं ‘रोटरी’. १९१७ साली त्याच शहरातले विमा व्यावसायिक मेल्व्हिन जोन्स यांच्या पुढाकारानं लायन्स चळवळ सुरू झाली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याची साद घातली. आज गावोगावी या क्लबची नेत्रशिबिरं भरतात, त्यामागे ही परंपरा आहे.

दोन्ही संस्थांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. दरवर्षी अध्यक्ष बदलतो. ही पद्धत मला आवडते. खुर्ची कुणाच्या मालकीची होत नाही, आणि किराणा दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला कधी ना कधी जबाबदारी घ्यावी लागते. पण याच पद्धतीत एक खोट दडलेली आहे. नव्या अध्यक्षाला स्वतःचं काहीतरी नवं करून दाखवायचं असतं. जुन्याची देखभाल मग कुणाचीच राहत नाही.

हे मला कळलं ते एका शाळेत. आमच्या क्लबनं तिथे पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं होतं. फीत कापली, संगमरवरी पाटी लावली, पेढे वाटले. दोन वर्षांनी मी सहज त्या शाळेत गेलो. पाटी चकचकीत होती, नळ कोरडा. यंत्रातली गाळणी ठरावीक मुदतीनं बदलावी लागते. तिचा खर्च शाळेला झेपत नव्हता आणि आम्ही तो धरलाच नव्हता. मुलं पुन्हा जुन्या टाकीचं पाणी पीत होती. शिपाईमामांनी मला ओळखलं. म्हणाले, “साहेब, परत फोटो काढायचाय का?” त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्यानंतर आम्ही रक्तदान शिबिरांकडेही त्याच नजरेनं पाहिलं. आमचं शिबिर वर्षानुवर्षं १५ ऑगस्टला होई. गर्दी उत्तम. पण हिशेब मांडून पाहा. रक्त साठवून ठेवता येतं ते साधारण ३५ ते ४२ दिवस. त्यातल्या प्लेटलेट्स तर नेहमीच्या पद्धतीत पाचच दिवस टिकतात. म्हणजे स्वातंत्र्यदिनाचं रक्त सप्टेंबरअखेर संपलं किंवा बाद झालं. पुरुष दात्याला पुन्हा रक्त देण्यासाठी तीन महिने थांबावं लागतं, स्त्रियांना चार. ते थेट नोव्हेंबरच्या मध्यावर. दिवाळी बहुधा त्याच्या आतच येऊन जाते, आणि सुट्टीच्या त्या दिवसांत दाते मिळणं कठीण.

मे महिन्यातही तीच गत. कॉलेजं बंद, नोकरदार गावी गेलेले, उन्हाचा कडाका. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र ठरावीक आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांच्या आजाराला सुट्टी नसते. आणि नेमक्या याच महिन्यात क्लबचा अध्यक्ष दमलेला असतो, कारण त्याचं वर्ष संपत आलेलं असतं!

मग आम्ही दात्यांच्या यादीचे चार भाग केले आणि शिबिर वर्षभरात विभागलं. मेमधलं शिबिर सकाळी सातला सुरू करून उन्हाच्या आत संपवायचं ठरलं. पहिल्या वर्षी तेवीसच जण आले. फोटोत मांडव रिकामा दिसत होता. पण रक्तपेढीतले डॉक्टर म्हणाले, “तुमच्या ऑगस्टच्या शंभर पिशव्यांपेक्षा या तेवीस मोलाच्या.” दुसरा नियम असा केला की, कुठलीही वस्तू देताना तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे आधी बाजूला काढायचे, आणि ठरावावर पुढच्या अध्यक्षाचीही सही घ्यायची. शाळेतला नळ त्यामुळे पुन्हा सुरू झाला.

हे अशक्य नाही, याचा पुरावा या चळवळीतच आहे. रोटरीनं पोलिओविरुद्धची मोहीम १९८५ मध्ये हाती घेतली. भारतातला अखेरचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या विभागाला पोलिओमुक्त म्हणून प्रमाणपत्र दिलं. यात मोठा वाटा सरकारी आरोग्यसेविकांचा आणि घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचा होता. क्लबनं पैसा उभा केला, रविवारी बूथवर माणसं बसवली. या काळात एकेका क्लबमध्ये पंचवीसहून अधिक अध्यक्ष बदलले असतील. काम मात्र बदललं नाही.

तेव्हा तुमच्या शाळेला किंवा वस्तीला एखादा क्लब काही द्यायला आला, तर जरूर घ्या, आभारही माना. फक्त एक प्रश्न विचारा, “पुढच्या वर्षी याची काळजी कोण घेणार?” आम्हाला राग येणार नाही. उलट, हा प्रश्न आम्हाला फार पूर्वीच कुणीतरी विचारायला हवा होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)