एक जूनचं कुलूप

लेखमाला : शास्त्र आणि शासन (भाग सातवा)

मे महिन्यातली दुपार. धुळ्याच्या देवपुरात आग्रा रोडलगतच्या एका कृषी केंद्रात पंख्याखाली बसलो होतो. मागच्या भिंतीला कपाशीच्या पाकिटांची खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि दुकानदार येईल त्याला एकच वाक्य ऐकवत होता, “एक तारखेला या.” तेवढ्यात शिंदखेडा तालुक्यातले ओळखीचे आप्पा आले. त्यांनाही तेच ऐकावं लागलं. त्यांनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हिरमा पानी शे, वावर तयार शे, मंग थांबानं कसाले?”

मी असलं काहीबाही लिहितो हे आप्पांना ठाऊक आहे, त्यामुळे प्रश्न दुकानदाराला नव्हता, मला होता. गेल्या आठवड्यात आपण २०१२ सालची गुटखाबंदी पाहिली. तिथे मालच वाईट होता, म्हणून मालावर बंदी. इथे माल रीतसर परवानगीचा, पावती देऊन विकायचा. बंदी आहे ती तारखेवर. २०१७च्या गुलाबी बोंडअळीच्या फटक्यानंतर राज्याच्या कृषी खात्याने कपाशीचं बियाणं शेतकऱ्याच्या हाती १ जूनपूर्वी पडू द्यायचं नाही, असं अनेक हंगामांत ठरवलं. ही अट कधी घट्ट झाली, कधी सैल. पण मे महिन्यात ठिबकवर कपाशी लावणाऱ्या खानदेशाला ती जितकी टोचते तितकी दुसऱ्या कुणाला टोचत नसेल.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर गुलाबी बोंडअळीच्या जगण्याच्या रीतीत आहे. तिची शास्त्रीय नोंद झाली १८४३ साली, आणि नमुने गेले होते आपल्या शेजारच्या भडोचहून. कपाशीवाचून तिचं फारसं चालत नाही. हिरवी बोंडअळी हरभऱ्यावर जाते, तुरीवर जाते, टोमॅटोही सोडत नाही. गुलाबीचं तसं नाही. तिला पातं म्हणजे कळी, फूल, नाहीतर कैरी म्हणजे हिरवं बोंड लागतं. अंड्यातून बाहेर पडली की थोड्याच वेळात ती कैरीत शिरते, आणि शिरलेलं भोक कैरी वाढताना बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, फोटो काढावा असं. नोव्हेंबरात असं एक बोंड आप्पांनी माझ्यासमोर अंगठ्याने फोडलं होतं. एका कप्प्यात पांढराशुभ्र कापूस, शेजारच्यात पिवळट, घट्ट बसलेली कवडी. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या नखाने उकलल्या, तर आत गुलाबी, आळसावलेली, शेंगदाण्याच्या टरफलात दाणा बसावा तशी अळी. फवारणी तिथवर पोचणार कशी?

अशा जोडसरकीत, वाळक्या बोंडात, पऱ्हाटीच्या ढिगात आणि जिनिंगच्या कचऱ्यात ती उन्हाळा काढते. पहिला पाऊस पडला, हवेत ओल आली की पतंग बाहेर पडतात. त्यांचं आयुष्य दोन आठवड्यांच्या आसपास. तेवढ्यात शेतात पातं-फूल दिसलं नाही, तर पुढची पिढी उभी राहत नाही. पतंग तसेच मरतात. शास्त्रज्ञांनी या प्रकाराला ‘आत्मघाती उदय’ म्हटलं आहे. कपाशीला पाती लागायला लागवडीपासून साधारण पाच-सहा आठवडे लागतात. मेच्या मध्यावर लावलेली कपाशी जूनअखेर, जुलैच्या सुरुवातीला पात्यांवर येते, म्हणजे पतंगांच्या पंगतीला पान वाढूनच ठेवलं. जूनच्या मध्यानंतर, पावसावर लावलेली कपाशी पात्यांवर येते तोवर पहिले पतंग उपाशी संपलेले असतात.

शास्त्राचं म्हणणं एवढंच, आणि त्यात १ जून ही तारीख कुठेही नाही. पाऊस लांबला तर पतंगही लांबतात. तापीकाठची ओल वेगळी, साक्रीची वेगळी. शास्त्र अंदाज देतं, ‘साधारण’, ‘सुमारे’, ‘ओलीनुसार’ अशा शब्दांत. सरकारी परिपत्रकात ‘सुमारे’ लिहून दुकान बंद ठेवता येत नाही. त्यासाठी एक आकडा लागतो, आणि तो आकडा ठरतो तिथे कीटकशास्त्रज्ञाच्या शेजारी बियाणे कंपन्या, विक्रेते, लोकप्रतिनिधी आणि खरिपाच्या आढावा बैठका येऊन बसलेल्या असतात.

पण बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेली बीटी कपाशी आप्पांच्या वावरात आली कुठून, आणि अळी तिला पुरून उरली कशी? २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. त्याच्या काही महिने आधी गुजरातेत ‘नवभारत १५१’ नावाचं बीटी वाण परवानगीविना शेतात उभं असल्याचं उघड झालं होतं. म्हणजे शास्त्र तपासत होतं, शासन विचार करत होतं आणि पीक वेचणीला आलं होतं. ही आपली जुनी रीत. पुढे तणनाशकाला दाद न देणाऱ्या ‘चोर बीटी’चंही तेच झालं, जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सरकारला आव्हान दिलं.

२००२च्या परवानगीबरोबर एक अट होती. बीटीच्या भोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के साधी कपाशी लावायची. तिथे वाढलेले साधे पतंग आणि बीटी पचवून वाचलेले थोडे पतंग यांचा संकर व्हावा, म्हणजे प्रतिकारशक्ती फैलावणार नाही, हा त्यामागचा हिशेब. म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी येई. ती पुडी किती जणांनी पेरली, हे मी सांगायची गरज नाही. ज्याच्याकडे तीन एकर आहेत त्याने अळीला जेवू घालण्यासाठी त्यातला तुकडा सोडावा, ही अपेक्षा दिल्लीत बसून लिहिणं सोपं होतं. त्या तुकड्याचं नुकसान कोण भरून देणार, हे अटीत नव्हतं. बी पाकिटातच मिसळून देण्याची शहाणी पद्धत प्रत्यक्षात यायला २०२० उजाडलं, तोवर अळी शिकून गेली होती.

तिला शिकवणारं आणखी एक कारण खास आपलं आहे. अमेरिकेत, चीनमध्ये बीटी कपाशी मुख्यतः सरळ वाणांत आली; आपल्याकडे ती आली संकरित वाणांत. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या बिया सारख्या नसतात. एका जनुकाचा हिशेब धरला तर साधारण चारातल्या एका बीत ते नसतंच. एका बीत विष, शेजारच्या बीत नाही, आणि अळी या बीतून त्या बीत फिरणारी. प्रतिकार शिकायला याहून चांगली शाळा मिळणार नाही. शिवाय संकरित कपाशी रेंगाळते, पाच-सहा महिने उभी राहते. मग संकरितच का? २००१चा पीकवाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला घरचं बी ठेवू देतो, आणि संकरित बी मात्र दरवर्षी विकत घ्यावं लागतं. जिथे पैसा फिरतो तिथे संशोधन जातं; यात कुणी लबाड असावं लागत नाही.

क्रम पाहा. २००६मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. २०१०मध्ये गुजरातेतली गुलाबी अळी पहिल्या जनुकाला जुमानत नसल्याचं जाहीर झालं, आणि दशकाच्या मध्यावर ती दुसऱ्यालाही पचवताना दिसली. याच काळात सरकार भांडत होतं ते किमतीसाठी: डिसेंबर २०१५मध्ये केंद्राने किंमत नियंत्रण आदेश काढला आणि २०१६च्या हंगामात बोलगार्ड-२चं पाकीट ८०० रुपयांवर आणलं. पाकीट स्वस्त झालं, चांगलंच झालं. पण ज्या गुणासाठी त्याचे पैसे मोजायचे तो गुण उतरणीला लागला होता, आणि त्याबद्दल चावडीवर फारसं कुणी बोलत नव्हतं.

बोललं गेलं ते २०१७ला, बोंडं फुटल्यावर. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सगळीकडे कवडी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांची मदत जाहीर केली. ती आपत्ती निवारण निधी, पीकविमा आणि बियाणे कंपन्या यांच्यात वाटून घ्यायची होती. तिघांच्या खिशातून येणाऱ्या पैशाचं काय होतं, हे ज्यांनी तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी चकरा मारल्या त्यांना विचारा.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. पर्यावरणाचा प्रश्न आरोग्याचा होतो तो असा, एका हंगामाच्या आत. राज्याने अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली. किती दिवस? साठ. कारण १९६८चा कीटकनाशक कायदा राज्याला त्याहून फार लांबची बंदी घालू देत नाही. कायमचा निर्णय केंद्राचा. हा कायदाही एका विषबाधेतूनच जन्मला होता. १९५८मध्ये केरळ आणि मद्रासकडे पॅराथिऑन मिसळलेलं अन्न खाऊन शंभरावर माणसं मेली, चौकशी आयोग बसला, आणि दहा वर्षांनी कायदा झाला.

मोनोक्रोटोफॉसचा प्रवास तर शाळेत शिकवावा असा आहे. २००५मध्ये ते भाजीपाल्यावर वापरायला मनाई झाली, कपाशीवर मोकळीक राहिली. शेतकऱ्याच्या घरात डबा एकच असतो; तो कपाशीचा आणि वांग्याचा वेगळा ठेवत नाही. २०१३मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेच्या जेवणातून ते पोटात जाऊन २३ मुलं दगावली. २०२०मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकं बंद करण्याचा मसुदा काढला. हरकती आल्या, पुन्हा समिती बसली, आणि २०२३मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा बंद झालेल्यांची यादी मोजकी उरली होती. त्यात मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण होतं. विषाचं प्रमाण २००५ला जेवढं होतं तेवढंच २०२३ला होतं. मधली अठरा वर्षं शास्त्राला नव्हे, शासनाला लागली.

आता अधिकारांची वाटणी मांडून पाहा. जनुकाला मान्यता दिल्लीची. पाकिटाची किंमत दिल्लीची. कीटकनाशकाची नोंदणी आणि कायमची बंदी दिल्लीची. राज्याच्या हाती उरतं काय? पंचनामा, सरकारी दवाखान्यातली खाट आणि कृषी केंद्राचा परवाना. त्यामुळे २०१७नंतर मुंबईने काहीतरी करायचं ठरवलं तेव्हा हाताला लागलं ते शेवटचं. १ जूनचं कुलूप हे शास्त्राला धरून आहे, यात मला शंका नाही. पण ते लागलं ते सगळ्यात सोप्या दाराला.

कारण अळीच्या वर्षाचं दुसरं दार डिसेंबरात आहे, आणि ते सताड उघडं. भाव बरा असला, विहिरीला पाणी असलं की वेचणी संपलेल्या कपाशीला पाणी-खत देऊन फरदड घेतली जाते. फेब्रुवारीपर्यंत अळीला घर आणि जेवण. जिनिंगच्या आवारात सरकीचे आणि कचऱ्याचे ढीग पडून राहतात. फरदड नको, कचरा नष्ट करा, कामगंध सापळे लावा, अशी पत्रकं दरसाल निघतात. फरदडीला मात्र कुणी कुलूप लावत नाही, कारण तिथे निरीक्षकाला लाखो बांधांवर जावं लागेल आणि उभं पीक उपटा म्हणण्याचा निरोप निवडणुकीच्या तोंडावर कुठल्याही पक्षाला द्यायचा नसतो. अमेरिकेच्या कापूस पट्ट्यात नेमकं हेच दार आधी बंद झालं. पीक कापून जमिनीत गाडण्याच्या तारखा कायद्याने पाळाव्या लागत, जोडीला बीटी आणि विमानातून सोडलेले वंध्य पतंग. ऑक्टोबर २०१८मध्ये तिथल्या कृषी खात्याने गुलाबी अळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. तिथले शेतकरी मोजके आणि शेतं प्रचंड, हेही खरं. ते जसंच्या तसं शिरपूर तालुक्यात होणार नाही. पण कुठलं दार महत्त्वाचं, हे त्यातून कळतं.

आणि सोपं दार तरी खरंच बंद झालं का? देवपुरातून आग्रा रोडने निघालं की नरडाणा, शिरपूर, पळासनेर, आणि पुढे सेंधवा. राज्य बदललं, नियम बदलला. मेमध्ये तिकडून पाकिटं इकडे येतात हे गुपित नाही. नंदुरबारवाल्यांना गुजरात त्याहून जवळ. पावती नाही, त्यामुळे उगवलं नाही तर तक्रार करायची सोय नाही, आणि त्या आडोशाने बोगस बियाणंही आत येतं. पतंगाला हाडाखेडचा तपासणी नाका ठाऊक नाही.

आप्पांना मी यातलं अळीपुरतं सांगितलं. ते म्हणाले, “भाऊ, मी नोव्हेंबरात कपाशी काढतो, हरभरा पेरतो. फरदड ठेवत नाही. मग माझा दोष काय?” मी म्हणालो, “आप्पा, तुमच्या जुलैच्या पात्यांवर वाढलेले पतंग ऑगस्टात शेजारच्या कोरडवाहू वावरात जातात.” ते थोडा वेळ गप्प राहिले. “म्हणजे मी थांबायचं त्याच्यासाठी.” मी हो म्हणालो. “मग सरकारने तसं सांगावं ना. नुसतं ‘एक तारखेला या’ काय सांगता?”

त्यांना सोडायला त्या संध्याकाळी गावापर्यंत गेलो. घराच्या मागच्या भिंतीला नोव्हेंबरात उपटलेली पऱ्हाटी पुरुषभर उंच रचलेली होती, त्यावर वाळकी बोंडं तशीच. मी एक तोडून हातात घेतलं. आप्पांच्या सूनबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “कृषी सहायक पण हेच करून गेले. जाळून टाका म्हणाले.” चुलीवर आंघोळीच्या पाण्याचं पातेलं होतं, खाली पऱ्हाटीच जळत होती. “जाळतेच आहे की, रोज थोडी थोडी.”

(पुढील भागात : दीपनगरची राख)