कपातीचा दिनांक आणि जमेचा दिनांक : निवृत्तिवेतन अंशदानावरील करसवलतीतील विलंब

सारांश : राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील अंशदानावर मिळणारी करसवलत अनेक प्राध्यापकांना उशिरा मिळते, काहींना अंशतःच मिळते. या विलंबाचे मूळ वेतनातून कपात होण्याचा दिनांक आणि रक्कम खात्यात जमा होण्याचा दिनांक यांतील अंतरात आहे. हे अंतर वाढल्यास सवलत केवळ लांबत नाही, तर काही प्रसंगी कायमची गमावली जाते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तावना

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर नियुक्त झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत समाविष्ट झाली. निवृत्तीनंतर मिळणारी रक्कम येथे खात्यातील शिल्लकीवर अवलंबून असते. त्यामुळे अंशदान वेळेवर जमा होणे हा केवळ हिशेबाचा नव्हे, तर भवितव्याचा प्रश्न ठरतो. गुंतवणुकीवरील परताव्याच्या नुकसानीची चर्चा शिक्षक संघटनांत होते. करसवलतीच्या नुकसानीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वित्तीय वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नास १९६१ चाच अधिनियम लागू असल्याने येथे परिचयाचे जुने क्रमांक वापरले आहेत.

कायदेशीर तरतुदींचे स्वरूप

कलम ८०सीसीडीमध्ये तीन स्वतंत्र सवलती आहेत. पहिली, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अंशदानावरची. ती वेतनाच्या १० टक्क्यांपर्यंत असून कलम ८०सी सह एकत्रित दीड लाख रुपयांच्या मर्यादेत मोडते. दुसरी, उपकलम १बी अन्वये वित्तीय वर्ष २०१५-१६ पासून मिळणारी अतिरिक्त ५०,००० रुपयांची. तिसरी, उपकलम २ अन्वये नियोक्त्याच्या अंशदानावरची. वित्तीय वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही मूळ प्रणाली ठरली असून तिच्यात पहिल्या दोन सवलती मिळत नाहीत. तिसरी मात्र मिळते.

तिसऱ्या सवलतीची मर्यादा नियोक्ता कोण यावर ठरते. केंद्र वा राज्य शासन नियोक्ता असल्यास ती मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्के आहे. अन्य नियोक्त्यांसाठी जुन्या प्रणालीत १० टक्के, तर नव्या प्रणालीत वित्तीय वर्ष २०२४-२५ पासून १४ टक्के आहे. अनुदानित महाविद्यालयात वेतन शासन देते, परंतु नियुक्ती संस्था करते. म्हणून जुनी प्रणाली निवडणाऱ्या प्राध्यापकांनी हा भेद दुर्लक्षू नये.

या तरतुदींची शब्दरचना सूक्ष्मपणे पाहणे आवश्यक आहे. स्वतःच्या अंशदानाबाबत कायदा त्या वर्षात खात्यात ‘भरलेली किंवा जमा केलेली’ रक्कम ग्राह्य धरतो. नियोक्त्याचे अंशदान ज्या वर्षी खात्यात दिले जाते त्या वर्षी कलम १७ नुसार प्रथम वेतनात मिळवले जाते आणि त्यानंतर उपकलम २ नुसार वजा होते. ही वजावट त्याच वर्षाच्या वेतनाच्या टक्केवारीने मर्यादित असते. विलंबाचे सारे परिणाम या एका मुद्द्यातून निर्माण होतात.

विलंब कोठे होतो ?

महाविद्यालयाचे पगारबिल विभागीय सहसंचालक कार्यालयामार्फत कोषागारात जाते. कपात झालेली रक्कम व शासनाचा हिस्सा विश्वस्त बँकेकडे पोहोचतो आणि सभासदनिहाय तपशील मध्यवर्ती अभिलेख संस्थेकडे पाठविला जातो. रक्कम व तपशील जुळल्यानंतरच प्राध्यापकाच्या प्रान खात्यात युनिट जमा होतात. प्रान क्रमांक न मिळणे, तपशिलात चूक असणे, शासनाच्या हिश्श्याची तरतूद उशिरा होणे यांपैकी कोणत्याही टप्प्यावर साखळी थांबते. वेतनचिठ्ठीत कपात दिसते. खात्याच्या विवरणात ती नसते.

दुसरा विलंब आयकराच्या बाजूचा आहे. करप्रणालीची निवड कार्यालयाला कळविली नाही, तर नव्या प्रणालीनुसारच कर कापला जातो. जुन्या प्रणालीतील ५०,००० रुपयांची सवलत मग विवरणपत्र भरूनच मागावी लागते, आणि वेतनदारास त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. कलम १४३(१) अन्वये विवरणपत्रावर प्रक्रिया करण्यास विभागाला ते भरल्याचे वित्तीय वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांचा अवधी आहे. मुदतीत भरलेल्या विवरणपत्रावरील परताव्यास कलम २४४ए अन्वये दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. मात्र परतावा निर्धारित कराच्या १० टक्क्यांहून कमी असल्यास ते मिळत नाही. कार्यालयाने त्रैमासिक विवरणपत्रात पॅन चुकीचा नोंदविल्यास कापलेला कर प्राध्यापकाच्या नावे दिसत नाही आणि परतावा अडकून पडतो.

एक उदाहरण

दुसऱ्या प्रकारचा विलंब त्रासदायक असला तरी रक्कम अखेर परत मिळते. पहिल्या प्रकारात तसे होईलच असे नाही. समजा, एका प्राध्यापकाचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून मासिक १,००,००० रुपये, म्हणजे वार्षिक १२,००,००० रुपये आहेत आणि त्यांनी नवी प्रणाली स्वीकारली आहे. शासनाचा १४ टक्के हिस्सा वर्षाला १,६८,००० रुपये होतो. सोयीसाठी अन्य भत्ते विचारात घेतलेले नाहीत.

हिस्सा वेळेवर जमा झाल्यास तो वेतनात मिळतो आणि तितकाच वजा होतो. ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतल्यावर उत्पन्न ११,२५,००० रुपये उरते. वित्तीय वर्ष २०२५-२६ मध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट असल्याने देय कर शून्य होतो.

आता मागील तीन वर्षांचा हिस्सा थकला होता व तो चालू हिश्श्यासह याच वर्षी जमा झाला असे मानू. गणनेच्या सोयीसाठी चारही वर्षांचे वेतन सारखेच धरल्यास ६,७२,००० रुपये वेतनात मिळतात, परंतु वजावट १,६८,००० रुपयांचीच राहते. उरलेले ५,०४,००० रुपये करपात्र ठरून उत्पन्न १६,२९,००० रुपये होते. उपकरासह कर येतो १,३०,८३२ रुपये. हातात एक रुपयाही जास्त आलेला नाही, चूकही प्राध्यापकाची नाही. तरीही एरवी करमुक्त असणारी रक्कम केवळ उशिरामुळे करपात्र झाली.

उपाय

कलम ८९ वेतनाच्या थकबाकीमुळे वाढलेल्या कराबाबत सवलत देते. नियोक्त्याचे अंशदान ‘वेतन’ या संज्ञेतच येत असल्याने अशा थकबाकीसाठी या कलमाचा आधार घेता येतो. त्यासाठी विवरणपत्रापूर्वी फॉर्म १०ई ऑनलाइन भरणे अनिवार्य आहे आणि कोणत्या वर्षाचा किती हिस्सा जमा झाला याचा कार्यालयीन दाखला जवळ असावा लागतो. थकबाकी जमा होताना हा वर्षनिहाय तक्ता मागून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रत्येक तिमाहीत वेतनचिठ्ठी व प्रान खात्याचे विवरण ताडून पाहावे. फरक आढळल्यास प्राचार्यांमार्फत लेखी कळवावे. करप्रणालीची निवड वर्षारंभीच कार्यालयास द्यावी. या बाबी व्यक्तीच्या हातातील आहेत. परंतु सारा भार व्यक्तीवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. केंद्रीय नागरी सेवेतील कर्मचाऱ्यांसाठीच्या २०२१ च्या नियमांत, कर्मचाऱ्याचा दोष नसताना अंशदान उशिरा जमा झाल्यास भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेच्या दराने व्याज देण्याची तरतूद आहे. विलंबाची किंमत विलंब करणाऱ्याने मोजावी, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. मात्र असे व्याजही वाढीव कराची भरपाई करीलच असे नाही. थकीत अंशदानाची मर्यादा ज्या वर्षाचे ते अंशदान आहे त्या वर्षाच्या वेतनावरून मोजण्याची स्पष्ट तरतूद झाल्यास हा प्रश्न मुळातूनच सुटेल.

समारोप

करसवलत ही निवृत्तीसाठी बचत करणाऱ्यास कायद्याने दिलेली प्रेरणा आहे. ती ज्या दिनांकावर अवलंबून आहे, तो दिनांक बचत करणाऱ्याच्या हातात नाही, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय. कपात आणि जमा यांतील अंतर कमी करणे ही प्रशासनाची, तर त्या अंतरावर सतत नजर ठेवणे ही आपणा प्राध्यापकांची जबाबदारी आहे. वेतनचिठ्ठी पाहून समाधान न मानता खात्याचे विवरण पाहण्याची सवय लागली, तरी या दिशेने पहिले पाऊल पडले असे म्हणता येईल.