मधपेटीतले औषध आणि कायदा

कपाशीवर फवारायचे विषारी औषध आणि मधमाश्यांच्या पेटीत ठेवायचे औषध यांना एकच कायदा लागू असावा, याचे आमच्या वाचकांना नवल वाटेल. पण अमेरिकेत तसे आहे. मधमाशीच्या अंगावरचा कोळी तेथे उपद्रवी जीव मानला जातो. म्हणून त्याला मारणारे द्रव्य कायद्याने कीटकनाशक ठरते. पर्यावरण खात्याकडे नोंदणी झाल्याखेरीज ते या कामासाठी विकता येत नाही.

हा व्हरोआ नावाचा कोळी मूळचा आपल्या आशियातला. रंगाने तांबूस, अंगाने चपटा आणि जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. आपली सातेरी माशी त्याला ओळखून आहे. ती त्याला अंगावरून काढून टाकते, आणि तो बहुतेक नरांच्या घरांतच वाढतो. त्यामुळे वसाहत तग धरते. युरोपीय मेलिफेरा माशीची गोष्ट वेगळी. तिच्या कामकरी पिलांच्या घरांतही मादी कोळी शिरते, घर मेणाने बंद झाले की आत अंडी घालते आणि पिलाला शोषते. पंख वेडेवाकडे करणारा विषाणूही तिच्यामुळे पसरतो. उपचार न झाल्यास अशी वसाहत बहुधा दोन-तीन वर्षांत संपते.

अमेरिकेत हा कोळी 1987 साली सापडला. प्रथम फ्लुव्हॅलिनेटच्या पट्ट्या आल्या. काही वर्षांत कोळ्याला त्या पचू लागल्या. मग 1999 साली तातडीची सवलत देऊन कौमाफॉस वापरू दिले. तेही पुढे निकामी होऊ लागले. शिवाय ही दोन्ही औषधे पोळ्याच्या मेणात साचून राहतात.

युरोपातील मधपाळ मात्र बरीच वर्षे ऑक्झॅलिक आम्ल वापरीत होते. हे आम्ल आपल्या अळूत, पालकात आणि आंबट चुक्यातही असते. ते स्वस्त आहे आणि मेणात साचत नाही. मग अमेरिकेत अडले कोठे? औषध जुने, त्यावर कोणाचा हक्क नाही. मग नोंदणीसाठी लागणाऱ्या चाचण्यांचा खर्च कोणती कंपनी करणार? परिणामी काही मधपाळ लाकूड उजळवायचे आम्ल दुकानातून आणून, प्रमाणाचा अंदाज बांधून, गुपचूप वापरू लागले.

अखेर तेथील कृषी खात्यानेच अर्ज केला. शेजारच्या कॅनडात हे औषध आधीच मंजूर होते; तेथील यंत्रणेचेही सहकार्य मिळाले आणि 2015 साली नोंदणी झाली. मात्र मधाचे कोठे पेटीवर असताना ते वापरण्यास मनाई होती. 2021 साली तीही उठली.

यावरून आम्हाला वाटते ते असे. कायदा ढिला नको. या आम्लाची वाफ डोळ्यांना आणि फुफ्फुसांना इजा करते. हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखवटा यांवाचून त्याला हात लावू नये. पण कायदा फार संथ असला, तर माणसे लेबल नसलेल्या डब्याकडे वळतात, आणि तो धोका अधिक मोठा. ज्या जुन्या, स्वस्त औषधामागे कंपनी नाही, त्याच्यासाठी सरकारने पुढे यावे. दुसऱ्या देशाने नीट तपासलेली माहिती ग्राह्य धरावी. आणि मंजूर औषधे एकाहून अधिक असावीत, म्हणजे ती आलटून पालटून वापरता येतील. 2025 साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी मेलेल्या वसाहतींतले कोळी तपासले, तेव्हा अमिट्राझ या नेहमीच्या औषधालाही ते दाद देत नसल्याची खूण मिळाली. एकाच औषधावर विसंबल्याचा हा परिणाम.

आपल्याकडे सातेरीच्या पेट्या ठेवणाऱ्यांना या कोळ्याची फारशी चिंता नाही. पण मेलिफेरा आपल्या देशात 1960 च्या दशकापासून आहे. तिच्या पेट्या घेणाऱ्यांनी नरांची काही बंद घरे उघडून कोळी आहे का ते पाहावे. आढळल्यास कृषी विद्यापीठाचा किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा. शेतात फवारून उरलेले औषध पेटीत कदापि घालू नये. त्याने कोळी मरेल न मरेल; माशी मरेल, आणि तो मध आपल्याच मुलांच्या तोंडी जाईल.