पुंगळीची पकड

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात गोळी धरून ठेवते ती पुंगळीच्या पितळेची पकड. बार उडाला की पुंगळी फुगून सिलिंडरच्या कप्प्याला टेकते. पितळ थोडे मागे येते, पण मूळ मापावर परतत नाही. म्हणून पुन्हा भरण्याआधी पुंगळी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून लहान करतात. मग तिच्यात तोंड रुंद करणारा विस्तारक उतरवतात. त्याचा व्यास गोळीपेक्षा साधारण 5 शतांश मिलिमीटर कमी असतो. सगळी पकड या 5 शतांशांवर उभी आहे.

पकड किती आहे हे गोळी बसवणाऱ्या प्रेसच्या दांड्यावर हाताला कळते. गोळी बसताना दांडा सलग, ठाम रोध देतो. रोध लागलाच नाही, तर विस्तारक जाड आहे, पुंगळीची भिंत पातळ आहे किंवा गोळी बारीक आहे. उदाहरणार्थ, .32 च्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुमारे 7.95 मिमी असते, ती मोजावी.

अशा वेळी पुंगळीचे तोंड अधिक जोरात आत वळवण्याचा, म्हणजे क्रिंप घट्ट करण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. जादा दाबाने मऊ शिसे चेपते ते चेपलेलेच राहते, पितळ मात्र थोडे मागे येते आणि पकड उलट सैल होते. क्रिंप ही पकडीची सोबत, पर्याय नव्हे. सैल गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्हीकडून घातक ठरते. धक्क्यागणिक उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात, टोक सिलिंडरबाहेर आले की सिलिंडर फिरत नाही. गोळी आत दबली तर दारूची जागा घटून दाब वाढतो.

बाकीचे दोष खुणांवरून ओळखता येतात. शिशाची कात निघाली, तर तोंड पुरेसे फाकवलेले नाही. एकाच बाजूला फुगवटा आला, तर गोळी तिरकी बसली. तोंडाखाली सभोवती फुगवटा दिसला, तर गोळी पूर्ण बसण्याआधीच क्रिंप सुरू झाला. गोळी बसवणे आणि क्रिंप ही दोन कामे वेगळी करावीत. क्रिंप कमीजास्त पडला, तर पुंगळ्यांची लांबी सारखी नाही; .32 स्मिथ अँड वेसन लाँगची ती 23.4 मिमीच्या आत हवी. तोंडाला चीर गेली, तर वारंवार दाबून-फाकवून पितळ कडक झाले आहे. ती पुंगळी टाकून द्यावी. शेवटी दारू आणि प्रायमर नसलेले नमुना-काडतूस प्रत्येक कप्प्यात सोडून पाहतात. ते स्वतःच्या वजनाने आत गेले पाहिजे.

शस्त्राचा परवाना असलेल्या माणसाला ही पारख तयार काडतूस पाहतानाही उपयोगी पडते. महाराष्ट्रात खडकी (1869) आणि वरणगाव (1964) येथे छोट्या शस्त्रांचा दारूगोळा बनतो. खडकीच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही खूण असते. काडतुसे तयार करण्यासाठी शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे: 5 शतांशांची चूक हातात धरलेल्या शस्त्रात उमटते.